फेस शील्डची वही: पहिल्या नमुन्यापासून सहाव्यापर्यंत

२९ मार्च २०२०
लॉकडाउनचा पाचवा दिवस. वहिनी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. परवा त्या रोजचा चष्मा आणि मास्क एवढ्यावरच वॉर्डात गेल्या. ते ऐकल्यावर घरचा थ्रीडी प्रिंटर झाकून ठेवणं जमेना. चेक देशातल्या प्रूशा रिसर्च या थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने फेस शील्डच्या कपाळपट्टीची फाइल सगळ्यांना खुली केली आहे, तीच घेतली. पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक), ०.४ मिमीचं नोझल, ०.२ मिमीचा थर. माझ्या मशीनवर एका पट्टीला साडेतीन तास. समोर काच म्हणून ओएचपीची पारदर्शक ए४ शीट, कागदाच्या पंचिंग मशीननेच भोकं पाडून अडकवली.

२ एप्रिल
वहिनींनी पहिला नमुना एक पूर्ण पाळी वापरला. रात्री फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, सलाइन लावायला मान खाली घातली की काचेची कड छातीला टेकते आणि सगळं वर सरकतं." शिवाय इलॅस्टिक अंबाड्यावरून निसटतं. टेबलावर पट्टी डोक्याला लावून बघताना माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मला ना अंबाडा, ना मी कुणाच्या हातावर वाकतो.
शीट खालून ३ सेंमी कापली, कोपरे गोल केले. बटनहोल इलॅस्टिक अंबाड्याखालून घेतलं. हे इलॅस्टिक शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी दिलं, दुकानं तर बंदच आहेत.

९ एप्रिल
छापलेल्या पट्टीबद्दल माझं मत बदललं. दोन कारणं.
पहिलं, धुणं. थराथरांमध्ये बारीक खाचा राहतात, तिथे घाम आणि मळ धरतो. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसलं तरी खाचेच्या आत ते पोचलं की नाही, ते डोळ्यांनी कळत नाही. उकळत्या पाण्याचा तर प्रश्नच नाही, पीएलए साधारण ६० अंशांलाच मऊ पडतं.
दुसरं, ऊन. एक पट्टी वहिनींच्या स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिली आणि पसरट होऊन बाहेर आली. आमच्या भागातल्या आशाताई (आशा आरोग्यसेविका) याच उन्हात दारोदार फिरताहेत. त्यांना ही पट्टी देणं मला पटत नाही. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं, पण माझ्याकडे अर्धं रीळच उरलंय आणि साडेतीन तासांचं गणित तसंच राहतं.

१४ एप्रिल
नमुना पाचवा, प्रिंटरशिवाय. स्पायरल बाइंडिंगला वापरतात ती जाड पारदर्शक शीट, कपाळाला इंचभर जाडीची फोमची पट्टी डबल टेपने, मागे इलॅस्टिक स्टेपल करून. स्टेपलची टोकं बाहेरच्या बाजूला वळवायची आणि वरून टेप लावायची. ही पायरी कुणीही गाळू नका, केस आणि हातमोजे दोन्ही अडकतात. एका नगाला सात मिनिटं. घरातले तिघे बसलो आणि संध्याकाळपर्यंत चाळीस झाले.
फोम इंचभरच का? त्यापेक्षा पातळ घेतला तर एन-९५ चा फुगवटा आणि चष्मा काचेला घासतात. फोम पाणी धरतो, म्हणून हे नग एका पाळीपुरतेच. धुऊन पुन्हा वापरू नयेत, असं प्रत्येक पिशवीवर लिहून दिलं. शील्ड मास्कच्या जागी नव्हे, मास्कवरून घालायची, हेही लिहिलं.
मुंबईच्या मेकर्स असायलम या सामायिक कार्यशाळेची मंडळीही शील्ड बनवताहेत, हे वाचून हुरूप आला.

१९ एप्रिल
धुकं हा सगळ्यात चिवट प्रश्न. काच धुरकटते ती मास्कच्या नाकाकडच्या फटीतून वर येणाऱ्या श्वासाने. फोमला मधे दोन खाचा देऊन पाहिल्या. वाफ गेली, पण वरून शिंतोडे यायला वाट झाली. वहिनींनी तो नमुना हातात घेतला आणि न बोलता परत ठेवला. खाचा बंद. सहाव्या नमुन्यात फोम सलग आहे, आणि बाजूच्या कडा कानाच्या थोड्या मागेपर्यंत नेल्या आहेत. धुक्यासाठी मास्कवर नाकाशी कागदी चिकटपट्टी लावून पाहतोय. त्यांच्या वॉर्डातल्या दोघी उद्यापासून ती वापरून बघणार आहेत.
कुणाकडे २५० मायक्रॉन जाडीची पारदर्शक शीट पडून असेल तर सांगा. १०० ची वाऱ्यात फडफडते, आणि आशाताईंना ती बाहेर वापरायची आहे.