भाषेचा निधी आणि ओस पडलेली वाडी

रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्या दिवाळी सरली की ओस पडू लागतात. पावसाळ्यात हात आखडलेला असताना घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, मुलेही सोबत जातात आणि पावसाच्या तोंडावर सारे माघारी येतात. आदिवासी भाषांच्या संवर्धनासाठी निधी कसा द्यावा याविषयी लिहिताना मला सुरुवात या वेळापत्रकापासून करावीशी वाटते, कारण सरकारी आर्थिक वर्ष नेमके त्याच्या उलट चालते. प्रस्ताव पावसाळ्यात टेबलांवरून फिरतात, मंजुरी येईपर्यंत थंडी पडते आणि ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची टाकून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यामुळे कार्यशाळा, ध्वनिमुद्रणे आणि पुस्तिकांची प्रकाशने ज्या महिन्यांत उरकली जातात, त्या महिन्यांत वाडीवर प्रामुख्याने मागे राहिलेले म्हातारे भेटतात. आजोबा ध्वनिमुद्रकासमोर गोष्ट सांगत असतात आणि ती ज्याच्या कानावर पडायला हवी ते नातवंड भट्टीवर असते.

निधी कोणत्या भाषेला द्यायचा हे ठरवण्याची आपली फूटपट्टीही तपासून पाहायला हवी. केंद्र सरकारने २०१३ मध्ये सुरू केलेली आणि म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे सोपवलेली संकटग्रस्त भाषांची योजना दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांसाठी आहे. या निकषात रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लई सहज बसते. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून घडलेली भाषा आजही घराघरांत ऐकू येते. तिचे भाषक जेमतेम हजारभर आहेत. कातकरी समाजाची लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांहून अधिक होती, त्यामुळे केवळ शिरगणती केली तर त्यांच्या भाषेची काळजी करण्याचे कारणच दिसत नाही. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये भाषेच्या स्थितीसाठी जे नऊ निकष सुचवले, त्यांत भाषा पुढच्या पिढीकडे जाते की नाही, हा प्रश्न अग्रभागी आहे. एका गावात, एका चर्चभोवती नांदणारे हजार लोक आपली भाषा जितकी धरून ठेवू शकतील, तितकी ती डोंगरपायथ्याला विखुरलेल्या आणि वर्षातला मोठा काळ परक्या मुलखात काढणाऱ्या लाखोंना धरून ठेवता येईलच, असे मला वाटत नाही.

जूनमध्ये अलिबागच्या बाजारात शेवळ या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायकांकडे थोडा वेळ लक्ष द्यावे. एक आजी गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करते, शेवळांसोबत काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खाजेल असे बजावून मूठभर फळे वर टाकते आणि लगेच शेजारच्या सुनेशी कातकरीत बोलू लागते. पलीकडे चिल्लर मोजत बसलेल्या शाळकरी नातीला ते सगळे समजते आहे, याची खूण तिच्या हसण्यातून पटते. उत्तर मात्र ती मराठीत देते. कोणती भाजी कोणत्या उतारावर आधी फुटते, वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध निघणारे मासे कोणत्या ओहोळाला चढतात, ही माहिती आजीकडे तिच्या स्वतःच्या भाषेत आहे आणि तिचा वर्ग जून ते ऑक्टोबर असा रोज रानात भरतो. प्रश्न एवढाच आहे, की त्या वर्गाचा दिवसाचा रोज कोण देणार?

हा रोज देण्याची कल्पना अजिबात नवी नाही. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या गुरु-शिष्य योजनेत भाषा जाणणारी वृद्ध व्यक्ती आणि शिकणारी तरुण व्यक्ती अशा दोघांनाही एकत्र घालवलेल्या तासांचे मानधन मिळते. स्वयंपाक, बाजारहाट, रानातली कामे करताना त्यांनी इंग्रजी टाळून बोलायचे असते. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी आज्या-आजोबांच्या हाताखाली बालवाड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत मात्र छपाई, प्रवास, सभागृह, शाल-श्रीफळ यांना रकाने असतात आणि भाषा बोलणाऱ्या माणसाची बोळवण चहा-नाश्त्यावर होते. दिवसभराची मजुरी बुडवून आपल्यासमोर बसणाऱ्या माणसाला हे परवडत नाही, आणि आपल्याला तसे अपेक्षिण्याचा अधिकारही नाही.

पैसा अजिबात नाही असेही म्हणता येत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, त्या कामांच्या यादीत शिक्षण आणि सांस्कृतिक वारसा दोन्ही आहेत आणि आपल्या जिल्ह्यात कारखान्यांचा तोटा नाही. परदेशी देणग्यांचा मार्ग लहान मंडळांसाठी परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने जवळपास बंद केला; नोंदणीकृत मोठी संस्था आता तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. कातकरी समाजाचा समावेश असलेल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारचे पीएम-जनमन अभियान सुरू झाले. त्यात घरे, रस्ते, पाणी, वीज यांच्याबरोबर अंगणवाड्याही आहेत. माझ्या मते भाषेच्या निधीची जागा या अंगणवाड्यांतच आहे : पावसाळ्याचे पाच महिने, रोज दोन तास, वाडीतल्याच एका आजीला मानधन द्यावे आणि मुलांशी तिने फक्त कातकरीत बोलावे. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर तेही तिथेच व्हावे आणि त्याची एक प्रत वाडीकडे राहावी.

एवढ्या लहान कामासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे स्थानिक गरजांसाठी न्यूक्लिअस बजेटची तरतूद असते. निवड मात्र वाडीने करावी, आणि त्यासाठीही तारीख पाहावी लागेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धी वाडी भट्टीवर असते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला ती गावात असते. कोणत्या आजीला मानधन द्यायचे याचा ठराव त्या दिवशी झाला, तर प्रस्ताव पुढच्या जूनपर्यंत मार्गी लावायला दहा महिने मिळतात.