गोळी अजून नळीतच असते

"मॅडम, ठो झालं, गोळी गेली. मग ही अजून रायफलला डोळा लावून कशाला बसलीय?"

मी नेमबाजी शिकवते त्या रेंजच्या मागच्या बाकावर बसणारे पालक हा प्रश्न मला हमखास विचारतात. परवा एका मुलीच्या आजोबांनी विचारला, तेव्हा पुढची फेरी सुरू व्हायची होती आणि मी "नंतर सांगते" म्हणून निघून गेले. ते मनाला लागून राहिलं. प्रश्न साधा वाटतो, पण आमचा निम्मा अभ्यास त्याच्या उत्तरात आहे. तेव्हा आजोबा, तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. डबीतून काढतो ती गोळी, रायफलीत भरतो ती गोळी आणि निशाण्यावर लागते तीही गोळी, असं आपण सरसकट म्हणतो. भरतो ते खरं तर काडतूस. आमच्या 50 मीटरच्या रायफलीचं पॉइंट टू टू (0.22 इंच) काडतूस करंगळीच्या पेराएवढं असतं. त्याची पितळी पुंगळी, पुंगळीच्या बुडाला जो काठ असतो त्याच्या पोकळीत भरलेला ठिणगीचा मसाला, वर चिमूटभर दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली 2.6 ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. उडते ती एवढीच. पितळ जागच्या जागी राहतं. बातमीत "घटनास्थळी पुंगळ्या सापडल्या" असं वाचतो, ती हीच.

चाप ओढला की स्प्रिंगने ताणून धरलेली फायरिंग पिन सुटते आणि त्या काठावर आदळते. काठ चेमटतो, आतला मसाला चिरडला जाऊन पेटतो आणि त्याची ज्वाळा दारूला लागते. चाप सुटल्यापासून पिन आदळेपर्यंत चांगल्या रायफलीत साधारण 2 मिलिसेकंद लागतात. एका सेकंदाचे हजार तुकडे केले, तर त्यातले दोन.

पूर्वी हे अंतर माणसाला जाणवायचं. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला लागायची, रंजक पेटून तिची आग बारीक भोकातून आत जायची, तेव्हा कुठे बार व्हायचा. पावसात रंजक भिजली की हातात उरायची ती काठी. पुढे ठासणीच्या बंदुकीला ठिणगीची टोपी आली, तरी दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच भरावी लागे. 1857 साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून आग भडकली ती कागदी होती. मोजलेली दारू आणि गोळी एका सुरळीत. ती दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, वरून गोळी गजाने ठासायची. ठिणगी, दारू आणि गोळी एकाच पुंगळीत आली आणि हा सगळा खटाटोप संपला. आमचं काडतूस 1887 पासून आकाराने जवळपास तसंच आहे, आणि जगभरातली मुलं अजून त्यावरच नेमबाजी शिकतात.

आता दारूकडे येऊ. स्फोट होतो असं आपण बोलतो, पण होतं ते जळणं, फार वेगाने. आजची बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर भस्सकन जळून जाते, आवाजसुद्धा होत नाही. पुंगळीत मात्र तयार झालेल्या वायूला जायला वाट नसते. दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी जोरात जळते, त्याने दाब आणखी चढतो. गाडीच्या चाकात हवा भरताना आपण 32 सांगतो ना, त्याच मापाने या पेराएवढ्या काडतुसातला दाब 20,000 च्या वर जातो. आणि हे सगळं तुमच्या नातीच्या गालापासून वीतभर अंतरावर.

तिला काही होत नाही, कारण पितळ. मला या धातूचं फार कौतुक वाटतं. दाब चढताच पुंगळी फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीच्या, भिंतीला सगळीकडून चिकटते, त्यामुळे तापलेला वायू मागे फिरू शकत नाही. गोळी गेली, दाब उतरला, की तीच पुंगळी किंचित आकसते आणि भिंत सोडते. म्हणून बोल्ट, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा दांडा, मागे घेतला की ती अलगद बाहेर येते.

वायूला आता एकच बाजू मोकळी असते, गोळीची. गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा केसभर जाड केलेली असते, मुद्दाम. नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा असतात. मऊ शिसं त्या खाचांत रुततं, आणि पुढे सरकताना गोळीला फिरावंच लागतं. आमच्या रायफलीत 16 इंचांमागे एक फेरा. गोळी तोंडाशी पोचते तेव्हा सेकंदाला सुमारे 800 गिरक्यांच्या वेगाने फिरत असते. जाळी गुंडाळून सोडलेला भोवरा जसा आरीवर उभा राहतो, तशी ती हवेत आपलं नाक पुढे धरून राहते. न फिरणारी लांबट गोळी कोलांट्या खात जाईल.

नळी साधारण 65 सेंटीमीटर लांब. ती पार करायला गोळीला अडीच ते तीन मिलिसेकंद लागतात. पिनचे दोन धरले तर चाप सुटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत पाच. आवाज कानावर पडून माणसाचा हात हलायला साधारण दीडशे मिलिसेकंद जातात. म्हणजे आवाज ऐकून नातीने मान वर केली, तर घड्याळाच्या हिशोबाने गोळी कधीच निघून गेलेली असते. आजोबा, तुमचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

अडचण अशी की हात आवाज ऐकून हलत नाही. तो आवाजाच्या धास्तीने आधीच हलतो.

माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या गोळ्या सारख्या खाली उजवीकडे पडायच्या. आमच्या भाषेत "आठ, पाच वाजता", म्हणजे गुण आठ आणि बाजू घड्याळातल्या पाचाची. रायफलीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बिघडलीय, असं त्याचं ठाम मत होतं. एक दिवस मी म्हटलं, तू झोपून पोझिशन घे, भरून मी देते. तीन वेळा भरली. चौथ्यांदा बोल्ट नुसताच पुढेमागे केला, काडतूस घातलंच नाही. त्याने श्वास सोडला, थांबला, चाप ओढला. नुसतं "खट्". आणि नळीचं तोंड खाली गेलं, लांबून दिसावं इतकं. धक्का नाही, आवाज नाही, तरी खांदा पुढे आलेला आणि डोळा मिटलेला. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे मी रोज करतो?" त्यानंतर दोन महिने आम्ही निम्म्याहून जास्त वेळ ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे काडतुसाशिवाय सराव, केली.

एवढ्याशा हलण्याने काय होतं ते आकड्यांत सांगते. 50 मीटरवरच्या निशाण्यात दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर रुंद असतं. मध्यापासून त्याच्या काठापर्यंत न्यायला रायफलीची पुढची साइट मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी सरकली तरी पुरते. कागदाची जाडी म्हणा ना. ज्या मुलाने "ठो झालं की मान उचलायची" असं मनात ठरवलंय, त्याची मान ठो व्हायच्या आधीच सुटायला लागते. म्हणून आम्ही ठरवायलाच लावतो की उचलायची नाही. आवाजानंतर मनात दोन आकडे मोजायचे, साइट कुठे परत आली ते बघायचं, मगच बोल्टला हात लावायचा. याला आम्ही फॉलो थ्रू म्हणतो.

त्याचं आणखी एक कारण आहे. गोळी नळीत पुढे धावत असतानाच रायफल मागे सरकू लागते. गोळी 2.6 ग्रॅमची, रायफल सहा किलोच्या आसपास. हिशोब केला तर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल पाव मिलिमीटर मागे आलेली असते. हे टाळता येत नाही. प्रत्येक वेळी ती त्याच वाटेने मागे यावी, एवढं बघता येतं, आणि त्यासाठी खांदा, गाल आणि हात गोळी सुटण्याच्या आधी जसे होते तसेच नंतरही राहावे लागतात. सिनेमात गोळी लागलेला माणूस चार हात मागे उडतो, ते याच नियमाने खोटं ठरतं. तेवढा धक्का असता तर झाडणाराही उलट्या दिशेने उडाला असता.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच रायफलीच्या थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) प्रकारात 451.4 गुणांनी कांस्य मिळवलं. त्याआधी 2010 साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक अजिंक्यपद जिंकलं होतं. मी मुलांना अशा खेळाडूंच्या फेऱ्या दाखवते तेव्हा सांगते, निशाण्याकडे बघू नका. गोळी सुटल्यानंतरचा चेहरा बघा.

बाहेर पडल्यावर गोळी आपल्या हातात नसते. मागून वायू मोकळा होतो, त्याचा तो ठो. छोट्या काडतुसाचा असला तरी कानाला इजा करण्याइतका, म्हणून कानात बोळे. आमची गोळी मुद्दाम जरा संथ, सेकंदाला 330 मीटरच्या आत ठेवलेली असते. आवाजापेक्षा वेगाने सुटून वाटेत त्याच्या खाली उतरणारी गोळी तिथे डगमगते, आणि ते आम्हाला नको असतं. निशाण्यावर पोचायला तिला सेकंदाचा सहावा भाग लागतो, तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटीमीटर खाली पडलेली असते. साइट लावताना नळी तेवढी वर झुकवूनच ठेवतात.

आणि कधी चाप ओढूनही नुसतं "खट्" होतं, आत काडतूस असूनही. तेव्हा तर हलायचंच नाही. मसाला उशिरा पेटू शकतो. तोंड निशाण्याकडे ठेवून तीस सेकंद मोजायचे, मग मला हाक मारायची. फुसका बार झाला, आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तरी हाक मारायची. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटू शकते. तुमच्या नातीला हे दोन्ही तोंडपाठ आहे, मी विचारून घेतलंय.

उद्या तिला न्यायला याल तेव्हा एक बघा. डब्याला हात लावायच्या आधी तिने साबणाने हात धुतलेत ना? गोळीत शिसं असतं, ठिणगीच्या मसाल्यातही असतं, आणि ते बोटांवर दिसत नाही.