डब्ल्यूसस सावरताना : २१४ संगणकांचा हिशेब

ऑडिटरांनी एकच कागद मागितला होता. बँकेच्या प्रत्येक संगणकावर शेवटचं सिक्युरिटी अपडेट कोणत्या तारखेला बसलं, त्याची यादी. मुख्य कचेरी आणि २२ शाखा मिळून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये २१४ संगणक होते. अपडेट सर्व्हरच्या आधीच्या छापील अहवालात १८७. मधले २७ कुठे गेले, हे मला सांगता येईना. ताजा अहवाल काढायला गेले तर कन्सोलच, म्हणजे सर्व्हर सांभाळायची खिडकीच, उघडेना. जोडणी तुटली आहे, सर्व्हर नोड रिसेट करा, एवढंच तो सांगायचा. ते बटण दाबलं की पाच मिनिटं चक्र फिरायचं आणि पुन्हा तोच संदेश.

ही जून २०२५ची गोष्ट. आमची बँक नागरी सहकारी. मी कोअर बँकिंगचं काम बघत होते. डब्ल्यूसस, म्हणजे विंडोजची अपडेट्स वाटणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, सांभाळणारे सहकारी निवृत्त झाले आणि तो सर्व्हर माझ्याकडे आला. ज्यांचा याच्याशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विंडोजची अपडेट्स प्रत्येक संगणकाने इंटरनेटवरून वेगवेगळी ओढण्याऐवजी एक सर्व्हर ती एकदाच आणून ठेवतो, आपण तपासून मंजुरी देतो, मग सगळे संगणक त्याच्याकडून घेतात. आमच्या बऱ्याच शाखा २ एमबीपीएसच्या लीज लाइनवर चालतात. महिन्याचं एकत्रित अपडेट काहीशे एमबीचं असतं. आठ संगणकांनी ते एकाच वेळी बाहेरून ओढलं तर पासबुक छापायला उभा असलेला माणूस खोळंबतो. त्यात पेन्शनचा दिवस असेल तर रांग पार रस्त्यावर जाते.

साहेबांनी विचारलं, "हे सॉफ्टवेअर आता जुनं झालं ना? मग दुरुस्त कशाला करायचं?" प्रश्न रास्त होता. डब्ल्यूससमध्ये यापुढे नवी वैशिष्ट्यं येणार नाहीत, असं निर्मात्या कंपनीने २० सप्टेंबर २०२४ला जाहीर केलं आहे. पण ते बंद झालेलं नाही, अपडेट्सही येत राहतात. नवीन व्यवस्थेला वेळ आणि पैसा लागणार होता, आणि तोवर २१४ संगणक उघडे ठेवणं मला मान्य नव्हतं. २०१७मध्ये संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय १२ मे रोजी पसरलं. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने हातात होते. ज्यांनी ते बसवलं नव्हतं त्यांचे संगणक गेले. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या जागी ही तारीख मला विसरता येत नाही.

सुरुवात शाखांकडून केली. एका शाखेच्या संगणकावर अपडेट तपासलं तर ८०२४४०२२ हा एरर. त्याचा अर्थ, सर्व्हर ५०३ म्हणतोय : सेवा उपलब्ध नाही. सर्व्हरवर आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर, उघडलं तर डब्ल्यूससचा ॲप्लिकेशन पूल, म्हणजे संगणकांच्या विचारणांना उत्तर देणारी प्रक्रिया, थांबलेला. चालू केला की वीसेक मिनिटं चालायचा, मग पुन्हा थांबायचा.

याचं कारण समजून घेण्यात माझे दोन दिवस गेले, पण ते सत्कारणी लागले. या पूलला मूळ सेटिंगमध्ये मेमरीची मर्यादा असते १८,४३,२०० केबी, म्हणजे साधारण पावणेदोन जीबी. संगणक जेव्हा विचारतो की माझ्यासाठी काय आहे, तेव्हा सर्व्हरला अपडेट्सचा कॅटलॉग मेमरीत घ्यावा लागतो. आमचा कॅटलॉग आठ वर्षं कुणी झाडला नव्हता. मर्यादा ओलांडली की पूल मरतो. मरताना मेमरीत तयार करून ठेवलेली माहिती (कॅश) घेऊन जातो. मग ज्या शंभर संगणकांना उत्तर मिळालं नाही ते पुन्हा विचारायला येतात, नव्याने उठलेला पूल सगळं पहिल्यापासून वाचायला घेतो आणि पुन्हा मर्यादेवर आपटतो. नुसतं रीस्टार्ट करून हे चक्र तुटत नाही.

तात्पुरता उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच : मेमरी मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद करायची आणि थांबलेल्या विचारणांच्या रांगेची लांबी १०००वरून २००० करायची. आमच्या सर्व्हरला रॅमच ८ जीबी होती, त्यामुळे शून्य लिहायला माझा हात धजावला नाही. आधी ४ जीबी, म्हणजे ४१,९४,३०४ केबी लिहिलं. रॅम १६ जीबी झाल्यावर मग शून्य केलं. कन्सोल उघडला. तो उघडलेला बघून किती हायसं वाटलं ते कसं सांगू!

पण मेमरी वाढवणं म्हणजे घरात अडगळ झाली म्हणून आणखी एक खोली बांधणं. अडगळ काढायलाच हवी होती. कन्सोलमध्ये त्यासाठी क्लीनअप विझार्ड असतो. तो लावला. तीन तासांनी टाइमआउट होऊन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. इतकी वर्षं साचलेला डेटाबेस एका दमात साफ करणं त्याला झेपत नाही, हा अनुभव जगभरच्या ॲडमिनांचा आहे.

मग वाट बदलली. आमचा डेटाबेस विंडोजच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये होता. त्याला नेहमीच्या सर्व्हर नावाने जोडता येत नाही, नेम्ड पाइप या खास मार्गाचा पत्ता द्यावा लागतो. आधी पूर्ण बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला. मगच पुढे गेले. हे सोडून कुणी पुढचं काही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यानंतर दोन जादा इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून केलेल्या सूची, तयार केले. एक भाषांतरित नावांच्या तक्त्यावर, दुसरा कोणतं अपडेट कोणत्या अपडेटची जागा घेतं त्या तक्त्यावर. निर्मात्यांच्या देखभालीच्या सूचनांमध्येच हे दोन्ही दिलेले आहेत. ते नसताना "कालबाह्य अपडेट्स कोणती?" या साध्या प्रश्नालाच उत्तर येत नव्हतं. ते केल्यावर यादी दोन मिनिटांत आली. साडेअकरा हजारांच्या वर नोंदी.

त्या एकेक करून पुसणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक नोंद उचल, पुस, किती उरल्या ते छाप, पुढची घे. मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली तरी झालेलं काम वाया जात नाही, म्हणून हा मार्ग मला विझार्डपेक्षा भरवशाचा वाटतो. संध्याकाळी शाखा बंद झाल्या की लावायची आणि सकाळी नऊला थांबवायची. काही नोंदी क्षणात जायच्या, काहींना दहा मिनिटं लागायची. पहिल्या रात्री मी घरून जागून आकडा बघत बसले. दुसऱ्या रात्री झोपले. पाचव्या सकाळी आकडा शून्य होता.

याच्याबरोबरच एक जपून करायचं काम होतं. नव्या अपडेटने जागा घेतलेली जुनी अपडेट्स नाकारणं. तयार स्क्रिप्टने ती एका झटक्यात नाकारता येतात, पण झटका द्यायचा नसतो. नवं अपडेट मंजूर झालं नसेल आणि जुनं नाकारलं, तर संगणकाला दोन्ही मिळत नाहीत आणि अहवाल मात्र स्वच्छ दिसतो. मी ३० दिवसांचं अंतर ठेवलं. सर्व्हरने कोणती अपडेट्स आणायची त्या यादीतली ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) या वर्गावरची खूणही काढली. कधीतरी कुणीतरी ती केली होती आणि हजारो ड्रायव्हर येऊन पडले होते. खूण काढल्याने आलेले ड्रायव्हर जात नाहीत. ते वेगळे नाकारावे लागतात.

आता २७ संगणक.

तीन लवकर सापडले. त्यांच्या पॉलिसीत, म्हणजे कचेरीतून सगळ्यांना लावलेल्या सेटिंगमध्ये, सर्व्हरचा पत्ता होता, पण पुढे ८५३० हा पोर्ट (सेवेच्या दाराचा क्रमांक) लिहिलेला नव्हता. जुन्या सर्व्हरवर डब्ल्यूसस ८० पोर्टवर चालायचं, तेव्हाचा तो पत्ता. पाच संगणक शाखांच्या स्टोअरमध्ये बंद पडलेले, रजिस्टरमध्ये मात्र जिवंत. उरले एकोणीस. ते चालू होते, सर्व्हरपर्यंत पोचत होते आणि तरी यादीत नव्हते.

एका शाखेतल्या कॅशियर काकांना फोन लावून यादी समोर धरून बसले. "काका, तुमच्या संगणकावर तपासणी सुरू करा." नाव यादीत आलं. मग शेजारच्या काउंटरवर तपासणी करायला सांगितली. ते नाव आलं आणि काकांचं गेलं. काकांनी विचारलं, "मॅडम, माझं नाव राहिलं ना?" राहिलं नव्हतं.

हे संगणक एका तयार डिस्कची नक्कल करून बसवलेले होते, आणि नक्कल करताना त्यातली डब्ल्यूससची ओळख पुसलेली नव्हती. ही ओळख रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, असते. अनेक संगणकांची ओळख एकच असेल तर सर्व्हर त्यांना एकच समजतो; जो शेवटी बोलला त्याचं नाव राहतं. उपाय असा : अपडेट सर्व्हिस थांबवायची, ओळखीच्या दोन्ही नोंदी पुसायच्या, सर्व्हिस चालू करून नव्याने ओळख घ्यायला लावायची. हे मी ग्रुप पॉलिसीच्या स्टार्टअप स्क्रिप्टमधून केलं आणि काम झालं की संगणकावर एक खुणेची फाइल ठेवली. फाइल दिसली तर स्क्रिप्टने काही करायचं नाही. ती खूण नसती तर दर सकाळी प्रत्येक संगणक नवा जन्म घेऊन आला असता. आणखी एक : तपासणी सुरू करायची जुनी कमांड विंडोज १०पासून काहीच करत नाही, आणि एररही दाखवत नाही. तिच्या जागी यूएसओ-क्लायंट ही कमांड वापरावी लागते. माझा एक अख्खा दिवस याच्यात गेला.

ऑगस्टमध्ये एका शाखेची लाइन भर दुपारी तुंबली, तेव्हा दुसरा दोष कळला. तिथले विंडोज १०चे संगणक डब्ल्यूससला अहवाल देत होते, पण अपडेट्स थेट इंटरनेटवरून ओढत होते. मोठी अपडेट्स लांबवण्याची पॉलिसी आणि डब्ल्यूससची पॉलिसी एकत्र असली की संगणक दोन्हीकडे बघतो. याला ड्युअल स्कॅन म्हणतात. लांबवण्याची पॉलिसी काढली. नव्या विंडोजसाठी कोणत्या प्रकारचं अपडेट कुठून घ्यायचं हे सांगणारी वेगळी पॉलिसी आहे, ती लावली. विंडोज ११ आलेल्या शाखांत डाउनलोड अडकत होतं. आयआयएसमध्ये एमएसयू आणि विम या दोन फाइल प्रकारांची नोंद केल्यावर ते सुटलं.

सप्टेंबरअखेर यादी पूर्ण झाली आणि ऑडिटरांना कागद दिला. मंजुरीचा क्रमही ठरला. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री साडेदहाला अपडेट्स येतात, अमेरिकेत हिवाळी वेळ लागली की साडेअकराला. आधी कचेरीतले सहा संगणक, दोन दिवसांनी दोन शाखा, मग सगळ्या. एक तारखेला काहीही नाही.

मग दिवाळी आली. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. भावाकडे ओवाळून जेवून परत आले, तर रात्री उशिरा नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरचं अपडेट आल्याची सूचना. डब्ल्यूससमध्येच दोष, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-५९२८७. लॉगिन न करता दूरवरून सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येईल असा, तीव्रता १०पैकी ९.८. १४ तारखेच्या अपडेटने तो पूर्ण बुजला नव्हता. ज्या सर्व्हरच्या शब्दावर २०० संगणक वाटेल ते बसवून घेतात, तोच परक्याच्या हाती जाण्याची शक्यता. आमचा सर्व्हर इंटरनेटला उघडा नव्हता, तरी शाखेतला एखादा बाधित संगणक पुरेसा होता.

तात्पुरता उपाय सूचनेतच होता. लगेच अपडेट बसवता येत नसेल तर सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलवर ८५३० आणि ८५३१ पोर्ट बंद करा, आणि अपडेट बसेपर्यंत उघडू नका. रात्री बाराच्या पुढे घरूनच जोडणी करून दोन्ही बंद केले. अपडेटला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागणार होता आणि त्याच यंत्रावर शाखांची आणखी एक सेवा चालत होती, म्हणून शुक्रवारी तसंच ठेवलं. शाखांना कळवलं की आज संगणकांना अपडेट मिळणार नाही, काळजी करू नका. चौथ्या शनिवारी बँक बंद. कचेरीत गेले तेव्हा शिपाई मामांनी कंदिलाखालचं दार उघडून दिलं. आधी डेटाबेसचा बॅकअप, मग अपडेट, मग रीस्टार्ट. त्यानंतर सिंक्रोनायझेशनच्या, म्हणजे निर्मात्यांकडून अपडेट्सची माहिती आणण्याच्या, चुकांचा तपशील कन्सोलमध्ये दिसेनासा झाला. तो या दुरुस्तीसाठी मुद्दाम काढला होता, हे आधी वाचून ठेवलं होतं म्हणून मी घाबरले नाही.

पोर्ट सोमवारी सकाळी नऊला उघडले. पहिल्या अर्ध्या तासात संगणक झुंडीने आले. पूलची मेमरी चढत गेली, तीन जीबीपाशी थांबली, आणि पूल चालू राहिला. साडेअकराला यादीत २०९ नावं होती. रजिस्टरमधल्या उरलेल्या पाचांसमोर मी निर्लेखनाचा शेरा लिहून साहेबांच्या सहीला पाठवलं.