तुम्ही विचारलंत म्हणून: तिथं जाऊन तुम्ही त्यांना काय बोलता?

पूर, दरड, भूकंप झाला की तिथल्या माणसांना मानसिक आधार द्यायला मी जाते. म्हणून लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. शेजारच्या काकू तर दर पावसाळ्यात कुठं दरड कोसळल्याची बातमी आली की जिन्यातच गाठतात. 'ज्यांचं सगळं गेलं, त्यांना तुम्ही नेमकं काय बोलता हो?' विचारणाऱ्याचा चेहरा बघून मला कळतं, त्यांना वाटतंय माझ्याकडे एखादं वाक्य आहे. ते मी सांगावं, म्हणजे भावकीत मयत झाल्यावर त्यांनाही ते कामाला येईल.

असं वाक्य माझ्याकडे नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, अजून सापडलेलं नाही.

मग काय करता? ऐका. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा एका घरात मी बराच वेळ फक्त कागद वाळवले. सातबारा, रेशनकार्ड, मुलाचा शाळेचा दाखला, विम्याची पॉलिसी. ओला कागद उन्हात टाकायचा नसतो, तो आकसतो आणि शाई फुटते. एकेक पान हलक्या हातानं सुटं करायचं, मध्ये कोरा कागद घालायचा आणि वाऱ्यावर ठेवायचं. घरची बाई शेजारी बसून तेच करत होती. म्हशीविषयी बोलत होती. पाणी चढताना दावं सोडलं होतं की नाही, हे तिला काही केल्या आठवत नव्हतं. 'सोडलंच असणार' असं मी म्हटलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. मी पुढचं पान घेतलं. तिनं परत पहिल्यापासून सांगितलं.

हे ऐकून लोक हिरमुसतात. 'एवढंच? हे तर कुणीही करेल.' करेल ना! जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिच्यातही हेच आहे की हे काम फक्त डॉक्टरांचं नाही. पाहा, ऐका, जोडा, एवढ्या तीन पायऱ्या. त्यातली तिसरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि तिचे फोटो निघत नाहीत. तलाठ्याशी जोडा, दुसऱ्या छावणीत असलेल्या चुलत्याशी जोडा, बंद पडलेल्या रक्तदाबाच्या गोळीशी जोडा. माणसाला कळलं की आपली माणसं कुठं आहेत आणि रात्री झोपायचं कुठं आहे, की छातीतली धडधड थोडी उतरते. ट्रकच्या आवाजानं दचकणं, छपराखाली झोप न येणं, भूक मरणं, सारखा तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं, हे सुरुवातीच्या आठवड्यांत वेड नसतं. बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं. ज्यांचं होत नाही, ज्यांचं खाणंपिणं सुटतं, जे जीव द्यायचं बोलतात, त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. सरसकट झोपेच्या गोळ्या वाटत सुटायचं नाही. हेही मार्गदर्शनात आहे आणि हेही कुणी ऐकत नाही.

आणि 'कुणीही करेल' म्हणता, तर करत का नाही? येतात ते 'देवाची मर्जी' म्हणतात. 'तू वाचलीस हे नशीब समज' म्हणतात, तेही जिची दोन मुलं गेलीत तिला. 'रडून घे, मोकळी हो' म्हणतात. मग साडी देतानाचा फोटो काढून जातात.

बघा, चिडले. हे सगळं खरं असलं तरी मी तुम्हाला दिलेलं उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं किल्लारीच्या वेळचं आहे आणि ते मी जिन्यात उभी राहून सांगू शकत नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा निजलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. त्या भागातली घरं दगडमातीची, हात-हात जाड भिंतींची आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात तीच घरं गार राहायची. त्या पहाटे तेच वजन अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं पुरती भुईसपाट झाली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा सोलापुरात समाजकार्य शिकत होते. आमची तुकडी लोहारा भागातल्या एका छावणीत गेली. पत्र्याच्या शेडा, चिखल, आणि भूकंप बघायला गाड्या करून आलेल्या बघ्यांची गर्दी.

आम्हाला सांगितलं होतं, लोकांना बोलतं करा. काय घडलं, कुठं होतात, काय दिसलं, काय वाटलं, क्रमानं सगळं बाहेर काढा. बाहेर आलं नाही तर आत सडतं. तेव्हा जगभर हीच चाल होती. 1983 साली अमेरिकेत अग्निशमन दलाच्या आणि तशा कामातल्या लोकांसाठी एक पद्धत निघाली होती, घटनेनंतर लगेच गटात बसवून सगळं बोलून घ्यायची, आणि मग ती जो तो कुठंही वापरायला लागला. पुढे तपासण्या झाल्या, तेव्हा दिसलं की अशी एकदाच घेतलेली बैठक पुढचा मानसिक आजार टाळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. आज मी शिकवते तेव्हा पहिल्याच तासाला सांगते, कुणालाही बोलायला भाग पाडू नका. त्या वयातली मी समोर बसली असती तर हात वर करून म्हणाली असती, 'पण बाई, न बोलणारी माणसं मी पाहिलीत. घरात पाहिलीत.' तिला गप्प बसवणं मला अजून जमलेलं नाही.

तर त्या छावणीत एक अक्का होत्या. नवरा, सासू आणि दोन मुली गेल्या होत्या. दहा वर्षांचा एक मुलगा राहिला होता. अक्का फार नीट बोलायच्या, त्यामुळे जो येई त्याला त्यांच्याकडेच नेलं जाई. पत्रकार, पुढारी, परदेशी पाहुणे, आम्ही विद्यार्थी. त्या सांगायच्या. आवाज कसा आला, अंधारात हात कशाला लागला, धाकटीला कुणी काढलं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या आता ठरलेल्या जागी थांबतात. ऐकणारा डोळे पुसेपर्यंत वेळ देतात आणि पुढे जातात. मी हे माझ्या वहीत लिहिलं होतं, 'कथन सुरळीत होत आहे, सुधारणा.' वही अजून आहे.

एका संध्याकाळी पाऊस लागला आणि पाहुणे लवकर गेले. त्यांचा मुलगा कुठंतरी कॅरम खेळत होता. त्या दिवसांत त्याला पुण्याला पाठवावं का, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. भारतीय जैन संघटनेनं भूकंपातली 1200 च्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली, त्या यादीत त्याचं नाव घालायचं का. त्या हे मला विचारत होत्या आणि मी शिकवल्याप्रमाणे 'तुम्हाला काय वाटतं?' असं परत विचारत होते. दोन-तीनदा असं झाल्यावर अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

'पोरी, रोज माझं घेऊन जाती. तुझं सांग. तुझ्या घरी कोण मेलंय का न्हाई?'

हा प्रश्न शिकवणीत नव्हता. माझा मोठा भाऊ आदल्या वर्षी पुणे रस्त्यावर गेला होता, मोटारसायकलवर. आमच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. आईनं त्याचे कपडे कपाटात तसेच ठेवले होते आणि वडील त्या कपाटासमोरून जाताना वर्तमानपत्र वाचत जायचे. मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, तुकडीतल्या मैत्रिणींनाही नाही. मी अक्कांना सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. पत्र्यावर पाऊस इतका होता की मोठ्यानं बोलावं लागत होतं, ते आठवतंय. अशी गोष्ट ओरडून सांगायची वेळ आली, म्हणून मध्येच मला हसू फुटलं होतं. त्यांनाही.

अक्कांनी 'वाईट झालं' म्हटलं नाही. विचारलं, 'जेवून गेला व्हता का?'

मला हे कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी वेग विचारला होता, नातेवाइकांनी हेल्मेट विचारलं होतं. मला आठवलं, हो, जेवला होता. शेपूची भाजी नको म्हणून कुरकुरला होता आणि मग आईनं पिठलं केलं होतं, ते तीन भाकऱ्यांबरोबर खाऊन गेला होता. एवढं सांगताना मी जी रडले, तशी त्याच्या तेराव्यालाही रडले नव्हते.

'मंग बरं,' अक्का म्हणाल्या. 'आमची बी सगळी जेवून झोपली व्हती. इसर्जनाचं गोडधोड व्हतं. धाकटी लई खाल्ली त्या राती.' हे त्यांनी पत्रकारांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या सांगण्यात जेवण कधीच नसायचं, गोष्ट थेट आवाजापासून सुरू व्हायची. त्या रात्री त्या बराच वेळ जेवणाचंच बोलल्या. कोण काय टाकायचं, सासूला दात नव्हते म्हणून तिची भाकरी दुधात कशी भिजवून ठेवायच्या. ठरलेल्या जागी एकदाही थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पाहुणे आले, तेव्हा अक्का शेडमधून बाहेर आल्याच नाहीत. 'सांगा त्यास्नी, मला बरं न्हाई.' मुलाचं नाव त्यांनी यादीत घातलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच आम्हाला कळवलं, आणि मग पेटी कुठं स्वस्त मिळेल ते विचारलं. त्याचं मला उत्तर देता आलं.

आता यातलं काय खरं मानायचं? मी ज्या पुस्तिकेवरून शिकवते, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की आपली दुःखं त्यांना सांगू नका. आणि ते बरोबर आहे, शंभर वेळा बरोबर आहे. मी असे स्वयंसेवक पाहिलेत जे ढिगाऱ्याशेजारी बसून स्वतःच्या घटस्फोटाची कहाणी लावतात आणि ज्याचं घर गेलंय तोच त्यांना पाणी देतो. माझ्या वर्गात कुणी असं केलं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी गोदामात तांदूळ मोजायला पाठवते. पण त्याच वर्गात मला हेही माहीत असतं की किल्लारीत मी जे काही केलं, त्यातलं ज्याला थोडाफार आधार म्हणता येईल असं घडलं ते हा नियम मोडल्यावर. की तसं मला वाटतं, कारण आधार मला मिळाला होता? दोन्ही शक्य आहे. एकाच वेळी दोन्ही शक्य आहे.

पुढे नवी गावं बसली. सरळ रस्ते, सुटेसुटे प्लॉट, शेतापासून लांब. पक्की घरं मिळाली, आणि रात्री लोक त्यांच्यासमोर अंगणात बाजा टाकून झोपत होते. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, हाक मारली की ओ यायचा. नव्या गावात शेजार नव्यानं जमवावा लागला. अक्कांसारखीनं 'जेवला का' हे कुणाला विचारायचं, ते आराखड्यात कुठं बसणार होतं? मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी मला चहा दिला, मुलाचं शाळेतलं सांगितलं, त्या संध्याकाळचं एका शब्दानं काढलं नाही. मीही नाही.

माझा एक सहकारी आहे, माळीणला 2014 मध्ये दरड कोसळली तेव्हा आम्ही बरोबर होतो. त्याला मी हे सांगितलंय. त्याचं म्हणणं, 'तू तेविशीची होतीस, घरी कुणी बोलत नव्हतं, तू त्या बाईकडून घेतलंस. तिनं विचारलं कारण आपल्याकडे दारात आलेल्याला विचारतातच.' मी म्हणते, तिला सगळेच जण नुसतं घेणारे भेटत होते, एकदा तरी तिला देणारी व्हायचं असेल. तो म्हणतो, हे तू तिच्या तोंडी घालतेयस. मी म्हणते, तुझी पुस्तिकाही तेच करते, फक्त छापील अक्षरांत. मग तो मार्गदर्शक सूचना उघडतो आणि मी चिडते. गेल्या महिन्यात प्रशिक्षणाच्या तयारीला बसलो, तेव्हाही याच मुद्द्यावर अडलो. एका मुलीनं लेखी विचारलं होतं, 'समोरच्यानं आपल्यालाच विचारलं तर काय करायचं?' त्यानं उत्तरात लिहिलं: थोडक्यात सांगून विषय त्यांच्याकडे वळवावा. मी 'वळवावा' खोडलं. त्यानं पेन्सिलीनं परत लिहिलं. छापायला जाईपर्यंत तो कागद त्याच्याकडे आहे.