पेन घेताना त्याची पेन्सिल सोडू नका

जुनी फाउंटन पेनं जमवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मी पेन्सिलींकडे ढुंकूनही बघितलं नाही. निब सोन्याची आहे का, टोपणाला तडा गेलाय का, एवढंच बघायचे. शेजारी त्याच रंगाची मेकॅनिकल पेन्सिल पडलेली असायची आणि मी ती तशीच ठेवून यायचे. आता आठवलं की जीव हळहळतो.

1920 ते 1950 च्या दरम्यानची चांगली पेनं बऱ्याचदा जोडीनेच विकली जायची, एका डबीत पेन आणि शेजारी त्याच रंगाची, त्याच नक्षीची, तशाच क्लिपची पेन्सिल. पुढे जोडी फुटायची. पेनाची निब वाकायची किंवा आतली रबरी सॅक, म्हणजे शाईची पिशवी, कडक होऊन तुटायची आणि पेन कुठेतरी टाकून दिलं जायचं, नाहीतर पेन जपलं जायचं आणि पेन्सिल मुलांच्या हातात जायची. म्हणून दोन्ही एकत्र, एकाच घरात आयुष्य काढलेली अशी मिळणं खरंच दुर्मिळ.

माझे डोळे उघडले ते एका जेड पेनामुळे. जेड म्हणजे तो हिरवा संगमरवरासारखा रंग. आधी बहुतेक पेनं हार्ड रबराची असायची, म्हणजे काळी, लाल नाहीतर लाल-काळी, मग 1924 मध्ये शेफर या अमेरिकन कंपनीने सेल्युलॉइडचं, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकचं, जेड पेन आणलं आणि मग सगळीकडे रंगच रंग आले. माझ्याकडचं पेन लिव्हरवालं, म्हणजे बाजूची दांडी उचलून शाई भरायचं, टोपण बऱ्यापैकी हिरवं पण बॅरल, म्हणजे पेनाची नळी, मात्र मेहंदी वाळल्यासारखी तपकिरी. मला वाटलं टोपण दुसऱ्याच कुठल्यातरी पेनाचं लावलंय. बरेच दिवस मी ते पेन खोटं जोडलेलं समजून ड्रॉवरमध्ये मागे सारून ठेवलं होतं.

मग एकदा तीच क्लिप, तीच पट्टी असलेली पेन्सिल मिळाली. ती पेनाशेजारी ठेवली आणि बघतच राहिले. इतका ताजा हिरवा, मधे मधे दुधाळ ढग, असा रंग मी त्या पेनावर कधी बघितलाच नव्हता!

कारण एकदा कळलं की सोपं आहे. पेनाच्या बॅरलमध्ये शाईची रबरी सॅक असते, रबर जुनं होताना त्यातून गंधकयुक्त वाफा निघतात, बंद बॅरलमध्ये त्या कोंडून राहतात आणि सेल्युलॉइड आतून काळवंडत जातं. टोपणात सॅक नाही म्हणून ते कमी बिघडतं. पेन्सिलीत तर शाईही नाही आणि रबरी सॅकही नाही, त्यामुळे तिचा रंग टिकतो. म्हणजे पेन नवं असताना कसं दिसायचं हे बघायचं असेल तर पेन्सिल बघायची. तपकिरीपणा पॉलिशने जात नाही, तो पार आतपर्यंत मुरलेला असतो, कोणी जातो म्हणालं तरी घासत बसू नका, नक्षी आणि कंपनीच्या नावाचा ठसा दोन्ही जातील.

त्या पेनात मी नंतर रबराऐवजी पीव्हीसीची पारदर्शक सॅक बसवली, म्हणजे उरलेला हिरवा तरी वाचेल. सॅकचे नंबर म्हणजे तिचा व्यास, तो इंचाच्या 64 व्या भागात मोजतात, 16 नंबर म्हणजे बरोबर पाव इंच. निब असलेला पुढचा भाग काढायला हेअर ड्रायरने हळूहळू ऊब द्यायची, घाई अजिबात नाही, सेल्युलॉइड पटकन पेट घेतं. बॅरल उघडली तेव्हा कापराचा वास आला, सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच, पण इतक्या वर्षांनी तो अजून तिथे होता याचं मला फार अप्रूप वाटलं.

पेन्सिलीचं काम वेगळंच. वरचं टोक फिरवलं तरी शिसं पुढे येईना, कारण आत जुन्या शिशाचा तुकडा अडकलेला. बारीक तारेने टोकातून हळूहळू खरवडत भुगा पाडला, दोन संध्याकाळी गेल्या. आणि हो, त्या काळातल्या पुष्कळ पेन्सिलींना 1.18 मिमीचं जाड शिसं लागतं, 0.9 चं नंतर रुळलं. आजचं 0.7 घातलं तर ते सरळ घसरून बाहेर पडतं आणि लोकांना वाटतं पेन्सिल बिघडली.

माझी ही जोडी मुळातली एकत्र नाही, मी जुळवलेली आहे. कोणी विचारलं तर तसंच सांगते, न विचारताही सांगते. रंग, क्लिप आणि काळ जुळत असेल तर अशी जोडी लावण्यात काहीच चूक नाही, पण ती मूळची जोडी म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही.

सध्या शोध उलटा चाललाय. माझ्याकडे एक लालसर पट्ट्यापट्ट्यांची पेन्सिल एकटी आहे, तिच्यावर बारीक अक्षरात कोणाचं तरी नाव कोरलंय. तेच नाव कोरलेलं पेन कुठे दिसतंय का म्हणून आता प्रत्येक पेनाची बॅरल भिंगाखाली फिरवून बघते.