उद्यमनगरच्या कोपऱ्यावरचा गाडा : आमची वाटचाल

2008 च्या मंदीत कोल्हापुरातल्या आमच्या फौंड्रीचं काम तीन शिफ्टवरून एका शिफ्टवर आलं आणि दिवाळी झाल्यावर मला घरी बसवलं. मी मशीन शॉपला होतो. हातात होते तेवढ्या पैशात उद्यमनगरातच मिसळीसाठी पाच बाय तीनचा गाडा बांधून घेतला. अँगलची फ्रेम, वर पत्रा, खाली मोपेडची जुनी चाकं. वेल्डिंग मी स्वतः मारलं, ते आजतागायत सुटलेलं नाही.

गाडा नवा असला तरी पातेलं जुनं होतं. आजीच्या लग्नातलं पितळी, दोन घागरी पाणी मावेल एवढं. स्टीलमध्ये कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, खाली लागतो, ॲल्युमिनियमला मी हात लावत नाही. पितळेला मात्र कल्हई पाहिजेच. कल्हईवाला पातेलं तापवून आत नवसागर टाकतो, धूर उठला की कथिलाची कांडी फिरवतो आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात पुसून घेतो. काळं पडलेलं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात कट कळकतो. गाडा टाकणाऱ्यानं बोर्ड नंतर रंगवावा, कल्हईला आधी पैसे काढावेत.

चटणी घरची. चैत्रात मिरची वाळवायची, ब्याडगी रंगाला, जवारी तिखटाला, मग कांदा, लसूण, खोबरं भाजून आई स्वतः कांडपावर उभी राहायची. सकाळी सहाला मटकी शिजलेली असायची, साडेसहाला पहिल्या शिफ्टची माणसं गाड्यावर. मिसळ आणि कटवडा, सोबत ब्रेड. कट लागेल तेवढा वाढायचा, त्याचे वेगळे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत.

मदतीला एक पोरगा ठेवला होता. मला दादा म्हणायचा, दुपारी आमच्याच घरी जेवायचा. तीन वर्षांत मटकीला मोड आणण्यापासून तेलात चटणी परतण्यापर्यंत सगळं मी त्याला हातानं शिकवलं. 2012 च्या दसऱ्याला त्यानं आमच्यापासून वीस पावलांवर गाडा उभा केला. बोर्डावर ‘मूळ’ असा शब्द. माझी प्लेट वीस रुपयांना, त्याची पंधराला. आणि गिऱ्हाइकाला सांगायचा की दादानंच माझ्याकडनं शिकून घेतलंय.

दिवसाच्या सव्वाशे प्लेटा पस्तिसावर आल्या. मोड आलेली मटकी संध्याकाळी शेजारच्या म्हशीला जायची. ब्रेडवाल्यानं उधारी बंद केली. संक्रांतीच्या आधी बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. तिनं शब्द काढला नाही, पण हळदीकुंकवाला गेली नाही. गाडा विकायचं मी मनात पक्कं केलं होतं.

त्या दिवसांत एक माणूस रोज आला. आमच्याच फौंड्रीतले, ओतकामाचे साचे करणारे मोल्डर, सगळे त्यांना मामा म्हणतात. एकदा त्यांनी समोरच्या गाड्यावरचा कट डब्यात आणला आणि आमच्या कटाशेजारी काचेच्या ग्लासात ओतून ठेवला. दुपारपर्यंत दोन्हींवर तवंग आला. मामांनी चमच्यानं तो काढला. आमच्या ग्लासात खाली तपकिरी रस्सा होता, त्याच्या ग्लासात लालभडक पाणी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, बाजारातला रंग पाण्यात. घरी चटणी तपासायची असेल तर चिमूटभर ग्लासातल्या पाण्यावर टाकून बघा, लाल धागे सोडत रंग खाली उतरला तर ती वापरू नका.

मी म्हटलं, “मामा, मीबी पंधराच करतो आता.”

“रेट पाडू नगंस. कट पातळ करू नगंस,” मामा म्हणाले. “उद्या पन्नास ब्रेड जादा घे.” आणि ब्रेडवाल्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातनं दिले. दुसऱ्या दिवशी मोल्डिंगची सगळी लाईन घेऊन आले. आठवडाभर रोज आले. पुढच्या पाडव्याला पाटल्या घरी आणल्या.

त्या पोराचा गाडा वर्षभरानं उठला. पण अजूनही कुणीतरी विचारतं, “आधी तुम्ही का ते?” हा प्रश्न मला आजही लागतो. म्हणून हे लिहून ठेवतोय. आधी आम्ही. नवीन धंदा करणाऱ्यांना एवढंच सांगतो, पोरांना काम जरूर शिकवा, चटणीचं प्रमाण मात्र घरातच ठेवा.

पुढची वर्षं नीट गेली. 2019 च्या महापुरात हायवे बंद होता, सिलिंडर मिळेना, नळाला पाणी नव्हतं. तेव्हा आठ दिवस आणि मग लॉकडाऊनमध्ये गाडा बंद राहिला, तेवढंच. आता त्याच कोपऱ्यावर चार टेबलांचं दुकान आहे. गाडा दारातच उभा असतो, वडे त्याच्यावरच तळतो.

मामा रिटायर झालेत. गुडघे दुखतात, तरी शनिवारी येतात. त्यांना कट जास्त आणि शेव कमी लागते, हे आता माझ्या पोरालाही माहीत झालंय.

दुकान सकाळी साडेसहा ते दीड. सोमवारी बंद, कारण त्या दिवशी कल्हईवाला येतो.