बुश सुटला नव्हता : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

पोरगी म्हणाली पप्पा तुम्ही रोज जेवताना जे सांगता ते एकदा लिहून काढा, मी टाइप करून देते. म्हणून बसलोय. वरचा बुश म्हणजे आटे गेलेल्या भोकात बसवायची पितळी नळी, आतनं नवे आटे असलेली; ती सुटली असा आळ आमच्यावर आला, त्याची ही गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक पिलर ड्रिल, एक आर्गन वेल्डिंगचा सेट आणि मी धरून तीन माणसं. २००४ साली सुरू केलं. त्याआधी एका फौंड्रीत होतो, तिथं हात बसला पण पगार बसला नाही, मग राजकोटचा एक सेकंडहँड साडेचार फुटी लेथ घेतला, बायकोच्या पाटल्या मोडून. त्या पाटल्या अजून झालेल्या नाहीत हे इथंच कबूल करतो, नाहीतर ती वाचून बोलेलच.

सुरुवातीला मिळेल ते काम. शाफ्ट, पुली, ऑइल इंजिनचे वॉल्व्ह गाईड. आट्यांच्या कामाला मला लावलं ते मामांनी. माझे सख्खे मामा नव्हेत, पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळ आहे त्यांचं, सगळे मामाच म्हणतात. २००६ मध्ये आरएक्स १०० घेऊन आले. ती गाडी शेताच्या बांधावरनं, ओढ्यातनं, कशातनंही घालायचे, मागं नॉबी टायर, मडगार्ड कापलेला. आमच्याकडची पहिली डर्ट बाईक हीच म्हणा. गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टचे, म्हणजे जुनं तेल खालनं सोडायच्या बोल्टचे, आटे गेलेले. आणि त्या बोल्टला काय काय गुंडाळलंवतं! टेफलॉन टेप, वर शेलॅक, आणि त्याच्यावर चक्क सुतळी. म्हटलं मामा हा बोल्ट हाय का भवरा? म्हणाले, "चार मेकॅनिक झाले बाबा, चौघांनी येकेक थर दिला, आता तू काढ."

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, चेंबर, म्हणजे बोल्ट बसतो ते इंजिनचं कवच, ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडाचा, त्यामुळं मरतं ते चेंबर. बोल्ट पाच रुपयाच्या मानाचा, आणि चेंबर बदलायचं तर अख्खं इंजिन उतरवून फाडा, वर इंजिन नंबर त्या केसवरच पंच असतो म्हणजे आरटीओच्या फेऱ्या. म्हणून तर आमचं पोट चालतं. डर्टवाल्यांचं जास्त, कारण ती पोरं तेल सारखं बदलतात, दर वेळी तोच बोल्ट खोल-बसव, खालून दगड लागतात, चिखल आट्यात जातो, आणि घाईत वाकडा लागला तरी पान्यानं ओढतात.

मामांच्या गाडीला मी तेव्हा सोपा मार्ग केला, मोठा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मारून एक साईज मोठा बोल्ट. चालला. पण मनाला पटलं नाही, कारण परत गेला की पुढं भिंतच उरत नाही. मग हेलिकॉइल शिकलो, म्हणजे स्टीलच्या तारेची ती स्प्रिंग, भोकात बसवली की तीच नवे आटे होते. चांगली वस्तू आहे, मी नावं ठेवत नाही. एम१२ दीड पीच, म्हणजे बारा मिलिमीटरचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरवर एकेक आटा, त्याच्या स्प्रिंगचा टॅप बाहेरनं जवळजवळ १४ भरतो, म्हणून इथं बरीच मंडळी सरळ एम१४ दीड पीचच्या टॅपवर भागवतात. मीपण भागवलंय, खोटं कशाला बोलू. पण स्प्रिंग बसवल्यावर तिची शेंडी, म्हणजे टोकाची वाकवलेली तार, तोडायची असते, आणि ती शेंडी चेंबरात पडली तर स्टेनलेसची असल्यानं मॅग्नेटला धड लागत पण नाही. एकदा एका शेंडीसाठी मी दीड तास गाडीखाली झोपलोय. शिवाय बोल्ट शंभरदा खोलणाऱ्या माणसाच्या गाडीत कधीतरी स्प्रिंग बोल्टाबरोबर बाहेर येते.

म्हणून आमचा पितळी बुश. बाहेरनं एम१६, आतनं कंपनीचाच एम१२, म्हणजे गिऱ्हाईकाला ओरिजिनल बोल्ट लागतो. खाली एक मिलिमीटरची कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड. पितळ का, तर गरम झाल्यावर ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं, ॲल्युमिनियमच्या जवळ जातं. लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावून बसवायचा, रात्रभर ठेवायचा, आणि कडेला तीन ठिकाणी पंच मारायचा की फिरायचं नाव नको. टॅप मारताना टॅपच्या खाचा ग्रीसनं भरायच्या, अर्धा फेरा पुढं, पाव मागं, दर दोन फेऱ्याला टॅप बाहेर काढून पुसायचा. ॲल्युमिनियमचा भुगा मॅग्नेटला लागत नाही, लक्षात ठेवा, म्हणून शेवटी वरनं स्वस्तातलं अर्धा लिटर तेल ओतून खालनं वाहू द्यायचं, रुमालावर गाळून बघायचं. चमक दिसली की परत. या टॅपचा टी-हँडल माझ्या फौंड्रीतल्या उस्तादांनी दिलेला, त्याला मी अजून कुणाला हात लावू देत नाही, पोरं हसतात.

तर असं २०१९ पर्यंत बरं चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, काम यायचं, करायचो. हिरोची एक्सपल्स आली, कच्च्या रस्त्यावर घालायची गाडी, तशी डर्टवाली पोरं वाढली, एका शोरूमचं जॉबवर्क पण सुरू झालं, आठवड्याला तीन-चार केस.

आणि २०२१ चा पावसाळा.

एका पोराच्या एक्सपल्सला मी बुश घातला. पंधरा दिवसांनी त्याची चिखलातली रेस होती. चौथ्या लॅपला इंजिन जाम. खाली बघितलं तर ड्रेन बोल्टच नाही, लिटरभर तेल ट्रॅकवर. झालं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक जण आहे, माझ्याकडंच दोन वर्षं शिकला, नाव घेत नाही, त्यानं त्याच संध्याकाळी सगळीकडं सांगितलं, "बुश सुटला. पितळ कधी धरतं का?" व्हॉट्सॲपवर जाम पिस्टनचा फोटो फिरला आणि खाली माझ्या वर्कशॉपचं नाव.

मी गाडी बघायला गेलो. बुश जागेवर! तिन्ही पंच जसेच्या तसे, आटे कोरे करकरीत. सगळ्यांच्या समोर नवा बोल्ट हातानं लावला, टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर आला की कटकन वाजणाऱ्या पान्यानं, २४ न्यूटन-मीटरला वाजवला. बघितलं सगळ्यांनी. पण फोटो काढला का कुणी त्याचा? नाही. मी विचारलं तेल शेवटचं कुणी बदललं, तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

शोरूमनं काम बंद केलं, कारण पण सांगितलं नाही, फक्त काम घेऊन येणारं त्यांचं पोरगं यायचं थांबलं. सात महिने. एक माणूस कमी केला, तो जाताना माझ्या पाया पडला, ते अजून आठवतं. लेथ विकायला काढला. शिरोलीचा एक पार्टी टेम्पो घेऊन आला पण, पैसे मोजायला बसला होता, तेवढ्यात मामा आले. गुऱ्हाळाच्या चरकाचे दोन शाफ्ट आणि सगळे बुश घेऊन. म्हणाले हे दसऱ्याच्या आत पाहिजेत आणि लेथ विकलास तर करणार कशावर, दातावर? टेम्पोवाल्याला त्यांनीच चहा पाजून परत लावलं. मला नंतर कळलं की चरकाचे बुश अजून एक सीझन सहज गेले असते.

आणि अजून एक. मामा त्या ट्रॅकवर दोन दिवस सकाळी गेले होते, दोरीला स्पीकरचा मॅग्नेट बांधून चिखलातनं ओढत. साठीचा माणूस. तीन वॉशर, एक चेनची कडी आणि कुणाच्या तरी ब्रेकची पिन सापडली. बोल्ट नाही सापडला.

आठ महिन्यांनी त्या एक्सपल्सवाल्या पोराचा दोस्त स्वतः आला, चहा घेता घेता बोलला की दादा, रेसच्या आदल्या रात्री तेल मीच बदललं, बोल्ट हातानं फिरवून ठेवला आणि तेवढ्यात जेवायला हाक मारली. बास. एवढंच. मी त्याला शिव्या पण दिल्या नाहीत, नुसतं बघत बसलो. म्हटलं हे त्या ग्रुपवर टाक. टाकतो म्हणाला. टाकलं नाही.

आता काम परत आलंय, शोरूम पण आलं, दुसरा मॅनेजर आहे. गल्लीच्या तोंडावरचा पण पितळी बुशच घालतो आता, कॉलर न ठेवता घालतो, गळतो तो. म्हणून सांगतो, कुणाकडंही करा पण कॉलर बघून घ्या. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा टाका, दहा रुपयाला मरू नका. बोल्ट पहिले चार आटे बोटानंच गेला पाहिजे, न गेला तर काढा, पाना घेऊ नका. बोल्ट आवळायची हवेची गन तर ड्रेन बोल्टला अजिबात नको. आणि रेसला जाणाऱ्यांनी बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडून तार बांधा, भोक आम्ही फुकट पाडून देतो, २०२१ पासनं.

आमच्याकडं येताना जुना बोल्ट फेकून देऊ नका, कसलाही असू दे, घेऊन या. त्याच्या आट्यात ॲल्युमिनियमची वेटोळी अडकलेली असते, ती बघितली की वाकडा लागला का ओढून गेला ते मला लगेच कळतं.